सांभाळून घसरा, मजला ओला आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चीनमधल्या सार्वजनिक फलकांवरच्या गमतीदार इंग्रजीचे फोटो आपल्या रविवार पुरवणीत छापून आले. हसू येण्यासारखेच आहेत ते. मात्र सोबतच्या मजकुरात 'चिन्यांचे इंग्रजी कच्चे' असे जे निदान केले आहे ते पटले नाही. ज्याचे इंग्रजी कच्चे असते तो काळ चुकतो, 'ए' आणि 'द' गाळतो, स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमीजास्त करतो. तो 'सांभाळून घसरा' असे लिहीत नाही. ती चूक निराळ्या जातीची आहे, आणि ती कशी होते हे उलगडून पाहिले तर पुण्यातल्या मॉलमधल्या, इस्पितळांमधल्या बऱ्याच मराठी पाट्यांचेही कोडे सुटते.

'सांभाळून घसरा'पासूनच सुरुवात करू. फरशी पुसल्यावर उभी करून ठेवतात ती पिवळी दुपाखी पाटी. चीनमध्ये तिच्यावर चार अक्षरे असतात : श्याओ, शिन, दी, ह्वा. पहिल्या दोन अक्षरांचा मिळून अर्थ 'सावध'. (सुटी केली तर 'लहान' आणि 'हृदय', पण 'डोळेझाक' म्हणताना आपल्याला कुठे झाकलेले डोळे दिसतात?) तिसरे 'दी' म्हणजे जमीन. चौथे 'ह्वा' म्हणजे निसरडे, किंवा घसरणे. सावध, जमीन निसरडी आहे. सरळ वाक्य. पण त्या तिसऱ्या अक्षराचा दुसरा एक उच्चार आहे, 'द', आणि तेव्हा ते आपल्या '-पणे'चे काम करते : शांतपणे, सावधपणे. चिनी लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. कुठे तोडायचे ते वाचणाऱ्याने ठरवायचे. माणूस न चुकता 'सावध, जमीन, निसरडी' असे तोडतो. जुन्या यंत्राने 'सावधपणे, घसरा' असे तोडले. तळ्याकाठच्या 'सावधपणे पाण्यात पडा' या फलकात तर 'दी'सुद्धा नाही. चिनीत 'सावध' म्हटल्यावर ज्याची भीती ते थेट पुढे ठेवतात, आणि यंत्र भीतीलाच आज्ञा समजते.

सुक्या मेव्याच्या आणि सुक्या मालाच्या फळीवर इंग्रजीतली चार अक्षरी शिवी लिहिलेली असते, ती आपण छापली नाहीत हे योग्यच झाले. पण तिची कूळकथा ऐकण्यासारखी आहे. चीनने १९५६ साली लिपी सोपी करण्याची योजना जाहीर केली. तिच्यात अनेक किचकट अक्षरांच्या जागी कमी रेघांची अक्षरे आली आणि काही ठिकाणी दोन-तीन वेगळी अक्षरे एकाच अक्षरात विलीन झाली. चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. सपाट सुरातले 'गान' म्हणजे सुके. उतरत्या सुरातले 'गान' म्हणजे करणे. दोन्ही आता तीन रेघांचे एकच अक्षर. त्यातल्या 'करणे'ला बोलीभाषेत एक चावट अर्थही आहे. २००२च्या सुमारास चीनमध्ये भरपूर वापरात असलेल्या एका शब्दकोश-सॉफ्टवेअरने या अक्षरासमोर तोच अर्थ दिला. पुढे ज्याने ज्याने सुकी खारीक, सुकी मिरची, सुकी मासळी त्यात टाकली, त्याला त्याला शिवी मिळाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले चिनीचे प्राध्यापक व्हिक्टर मेअर यांनी हा माग काढला. फलक शेकडो होते, चूक एकच होती. नूडल्सचा 'म्येन' आणि चेहऱ्याचा 'म्येन' हे दोघेही असेच एका अक्षरात राहायला आले आणि मेन्यूकार्डांवर चेहरे शिजू लागले. 'शिंग' या अक्षराचे तेच : एरवी ते आपल्या '-त्व'सारखे, पण सुटे वाचले की 'लिंग'. त्यामुळे हॉटेलच्या खोलीतल्या एकदाच वापरून टाकायच्या कंगव्या-ब्रशांच्या टोपलीवर भलतेच काही लिहिलेले सापडते.

आता 'ट्रान्सलेट सर्व्हर एरर' या फलकाकडे वळू. वर चिनीत ठसठशीत 'भोजनगृह', खाली इंग्रजीत 'भाषांतराचा सर्व्हर बंद आहे' अशा अर्थाचे तीन शब्द. इथे भाषेची चूक नाहीच. यंत्राने प्रामाणिकपणे अडचण सांगितली आणि ज्याने ती अक्षरे कापून लावली त्याला ती वाचता येत नव्हती. याला चिनी असावे लागत नाही. २००८ साली वेल्समधल्या स्वान्सी इथल्या नगर परिषदेने 'अवजड वाहनांना प्रवेश बंद' या मजकुराचे वेल्श भाषांतर मागवले. ई-मेलने वेल्शमध्ये उत्तर आले, आणि ते जसेच्या तसे रस्त्यावरच्या फलकावर चढले. उत्तर होते : मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचे काम असल्यास पाठवून ठेवा.

म्हणजे गडबडीच्या मुळाशी दरवेळी हेच सापडते : मजकूर संदर्भावाचून तुटकपणे भाषांतराला जातो, आणि फलक बनवणाऱ्यापासून तो भिंतीला ठोकणाऱ्यापर्यंत एकालाही तो वाचता येत नाही. मधले यंत्र चांगले असो की वाईट, ही दोन दारे उघडी राहिली की चोर आत येतोच.

खाद्यपदार्थांचे प्रकरण थोडे निराळे आहे, कारण तिथे चांगला भाषांतरकारही अडतो. सिचुआनमधला 'फूची फेइप्येन' हा थंड, तिखट पदार्थ 'नवरा-बायकोच्या फुप्फुसाचे काप' म्हणून जगभर गाजला. त्यात बहुधा फुप्फुस नसते. गाईचे हृदय, जीभ, पोट असे अवयव असतात. छंग्दूमधले एक जोडपे तो विकत असे म्हणून नवरा-बायको. आणि 'फेकून दिलेले' या अर्थाच्या 'फेइ'च्या जागी त्याच उच्चाराचे 'फुप्फुस' आले असे सांगतात. हसण्याआधी 'कटाची आमटी' यंत्रात टाकून पाहावी. पुरणाचे पाणी म्हणजे कट हे यंत्राला माहीत असेलच असे नाही. कारस्थान म्हणजे कट हे त्याला नक्की माहीत असते. पांढऱ्या रश्श्याचेही तसेच. हिंदीच्या वळणाने वाचणाऱ्याला रस्सा म्हणजे दोरखंड. 'मस्तानी' आणि 'पातळ भाजी' यांच्याबद्दल न बोललेले बरे.

हे चीनने कसे निस्तरले ते आपल्या मजकुरात आले नाही, आणि खरा उपयोगाचा भाग तोच आहे. २००८च्या ऑलिंपिकआधी बीजिंगने मोहीम काढून फलक तपासले. अपंगांच्या स्वच्छतागृहांवरचे 'विद्रूप माणूस' उतरले. वांशिक संस्कृती उद्यानाकडे नेणाऱ्या फलकावर 'वंशद्वेष्टे उद्यान' होते, तेही गेले. दोन हजारांहून अधिक पदार्थांच्या इंग्रजी नावांची यादी उपाहारगृहांसाठी तयार झाली. तिच्यातला नियम साधा होता : घटक आणि कृती सांगता येत असेल तर ती सांगा, आणि नावच प्रसिद्ध असेल तर त्याला हात लावू नका. 'मापो तोफू' हे मापो तोफूच राहिले, त्याचे शब्दशः 'देवीच्या व्रणांच्या म्हातारीचे तोफू' वगैरे काही झाले नाही. शांघायने २०१०च्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनाआधी दहा हजारांहून अधिक फलक दुरुस्त केले. मग १ डिसेंबर २०१७पासून देशभरासाठी एक मानक लागू झाले, क्रमांक ३०२४०. त्याचे दहा भाग आहेत : वाहतूक, पर्यटन, आरोग्य, शिक्षण, खानपान असे, आणि साडेतीन हजारांवर तयार वाक्ये. मानक सक्तीचे नाही, शिफारशीचे आहे. तरी दवाखान्याच्या कारकुनाला 'रक्त तपासणीसाठी इथे थांबा' याचे इंग्रजी रोज नव्याने शोधावे लागत नाही, यादीतून उचलावे लागते. इंग्रजीची गरज नाही तिथे ते लिहू नका, असेही त्यात बजावले आहे. आमच्या मते सगळ्यात शहाणे कलम तेच.

आता ती पिवळी पाटी पुण्यात आणू. तिच्यावर इंग्रजीत 'वेट फ्लोअर' आणि खाली मराठीत 'ओला मजला' असे असते, तेव्हा नेमके तेच झालेले असते जे चीनमध्ये 'दी'चे झाले. इंग्रजी 'फ्लोअर'चे मराठीत दोन शब्द होतात, फरशी आणि मजला. पाटी कुठे उभी राहणार हे ज्याला सांगितले नाही, त्याने किंवा त्या यंत्राने पहिला हाताला लागला तो घेतला. 'फरशी ओली आहे, जपून चाला' हे दोन ओळींत आरामात मावते. 'कीप लेफ्ट'चे 'डावीकडे ठेवा' होते. काय ठेवायचे ते वाहनचालकाने ठरवावे. हवे होते 'डाव्या बाजूने चला'. 'एक्झिट' हे इंग्रजीत नामही आहे आणि क्रियापदही, म्हणून दारावर 'बाहेर पडा' असे लागते आणि आलेल्या पाहुण्याला हाकलल्यासारखे वाटते. 'बाहेर जाण्याचा मार्ग' लिहावे, जागा नसेल तर नुसते 'बाहेर'. 'पार्किंग नाही' यातून मनाई कळत नाही, जागा नसल्याची तक्रार कळते. 'येथे वाहने लावू नयेत' यात काय अवघड होते? 'डेड एंड'चा 'मृत अंत' करण्यापेक्षा 'पुढे रस्ता नाही' हे पुणेकरांना पिढ्यान्‌पिढ्या समजत आले आहे.

दुसरी गळती हिंदीतून होते. लिपी एकच असल्यामुळे दिल्लीकडच्या पुरवठादाराची हिंदी फाइल महाराष्ट्रात चालून जाते असा समज आहे. मराठीत 'शिक्षा' शाळेत मिळत असली तरी तो विभाग शिक्षणाचा असतो. हिंदीत 'यातायात' म्हणजे वाहतूक, मराठीत यातायात म्हणजे दगदग. (पुण्याच्या रस्त्यांपुरते दोन्ही अर्थ एकत्र नांदतात हा भाग वेगळा.) हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामे, पार्किंगच्या तळघरात 'खाली' असा दिवा लागला की मराठी माणूस आणखी एक मजला उतरतो.

तिसरी गोष्ट प्रत्ययांची. इंग्रजीतले साचे असे असतात की नाव बदलले तरी बाकीचे वाक्य तसेच राहते. मराठीत नाम वाकते : येरवडा, पण येरवड्याला; वारजे, पण वारज्याला; पुणे, पण पुण्याला. साच्यात रिकाम्या जागी नाव भरून पुढे 'ला' जोडला की 'पुणे ला जाणारी गाडी' तयार होते. यावर उपाय व्याकरणाचा प्रोग्रॅम लिहिण्याचा नाही. साचाच असा करावा की नाव प्रथमेत राहील : 'पुढील स्थानक : येरवडा', 'गाडी कुठे : वारजे'. एका विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी सगळी विभक्ती वाचते.

ठिकाणांची नावे तर रोमन लिपीत जाऊन परत येताना ओळख हरवतात. रोमनमध्ये ट आणि त, ड आणि द, ण आणि न, ऱ्हस्व आणि दीर्घ यांत फरक नाही. कात्रजचा 'कटराज' होतो, वारजेचे 'वर्जे', पाषाणचे 'पाशन', धनकवडीची 'धंकवाडी', चिंचवडचे 'चिंचवाड'. म्हणून नावांचे भाषांतर किंवा लिप्यंतर करूच नये. महसुली नोंदीतली मूळ मराठी नावे उचलून चिकटवावीत.

हे सगळे पकडायचे कसे? बहुतेक कंत्राटदार 'उलट भाषांतर करून तपासले' असे सांगतात : यंत्राने दिलेले मराठी पुन्हा त्याच यंत्राला देऊन इंग्रजी करून पाहायचे. ही तपासणी नाही, ही स्वतःच्याच वहीवर स्वतः गुण देणे आहे. 'ओला मजला' परत टाकला की यंत्र इमानदारीने 'वेट फ्लोअर' देते. 'तुमचे पाऊल पहा' टाकले की 'वॉच युअर स्टेप' येते. चूक ज्या वाटेने गेली त्याच वाटेने परत येते आणि साहेबांच्या टेबलावर सगळे बरोबर दिसते. खरी कसोटी अशी : ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलेच नाही अशा मराठी माणसाला पाटी दाखवा आणि 'हे वाचून तुम्ही काय कराल?' एवढेच विचारा. 'काय लिहिले आहे?' विचारू नका, तो वाचून दाखवील. काय कराल, हे विचारा. इमारतीचा रखवालदार, सफाई कामगार, बाह्यरुग्ण विभागात बसलेली आजी, यांपैकी दोघे-तिघे पुरतात. उत्तर द्यायला अडखळले तर पाटी बदला.

आणि ही कसोटी पूर्वीपेक्षा आता जास्त लागते. गूगलने २०१६ साली चिनी-इंग्रजीसाठी आणि २०१७ साली मराठीसह काही भारतीय भाषांसाठी मेंदूच्या जाळ्याच्या धर्तीवरची नवी भाषांतर पद्धत आणली. तेव्हापासून यंत्राची वाक्ये गुळगुळीत झाली. जुनी चूक स्वतःहून ओरडत असे. नवी चूक नीटनेटके कपडे घालून येते. वाक्यातला एखादा 'नाही' गळतो, 'जेवणाआधी'चे 'जेवणानंतर' होते, आणि वाचायला सगळे सुरेख. औषधाच्या खिडकीवर हे परवडत नाही.

मजकूर शुद्ध असला तरी तो छापताना मोडतो. अप्पा बळवंत चौकापासून पेठांमधल्या कुठल्याही फ्लेक्सवाल्याला विचारा. युनिकोडमधला मजकूर, देवनागरीची जोडणी न समजणाऱ्या जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, रफार डोक्यावरून खाली उतरून पाय मोडलेला 'र' होतो. 'पार्किंग' या एका शब्दात पहिली वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर बसलेले आहेत. तेवढा नीट उमटला तर निम्मी परीक्षा झाली. उरलेल्या निम्मीसाठी 'दुसऱ्या'. 'दुसर्या मजल्यावर' अशी पाटी दिसली की समजावे, टंकलेखकाला ऱ सापडलेला नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो र च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो. हा फरक शोभेचा नाही : आचार्यांना भेटायचे की आचाऱ्यांना, दर्या पाहायचा की दऱ्या, हे त्या एका चंद्रकोरीवर ठरते. ल आणि श यांचे मराठी वळण शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात दिलेले आहे. बऱ्याच टंकांत हिंदी आणि मराठी दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडली तरच मराठी वळण उमटते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, मुद्रितशोधन 'कर्व्ह' करण्याआधी एकदा आणि केल्यानंतर एकदा. अक्षरांची कर्व्ह झाली की ती अक्षरे उरत नाहीत, चित्र होते. मग एका वेलांटीसाठी ओळ पुन्हा टाइप करावी लागते, आणि घाईत ती कुणी करत नाही.

घाई का होते, तेही सांगायला हवे. फलकाचे बिल चौरस फुटावर निघते. पत्रा, व्हिनाइल, खांब, बसवणूक, सगळ्याला निविदेत ओळ असते, शब्दांना नसते. त्यामुळे शब्द फुकट, आणि फुकटचे काम यंत्राकडे. दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा शहरभर पाट्या बदलल्या. लिपी देवनागरी झाली, भाषा पुष्कळ ठिकाणी होती तीच राहिली. निविदेत 'मराठी मजकूर तयार करणे व तपासणे' ही एक वेगळी ओळ आणि तपासणाऱ्याची सही, एवढे घातले तरी पुरे. मजकूर पाठवताना प्रत्येक वाक्यापुढे तीन रकाने असावेत : पाटी कुठे लागणार, कोण वाचणार, किती अक्षरे मावणार. शक्य तर जागेचा फोटो. आणि एका इमारतीला लागणारी नेहमीची वाक्ये एका फुलस्केप कागदावर मावतात. ती एकदा चांगल्या मराठीत लिहून घेतली की पुढच्या दहा इमारतींना तीच चालतात. भाषा संचालनालयाचे कोश हाताशी आहेतच, पण ते प्रशासनासाठी आहेत. 'निर्गमन' कागदावर ठीक, धुराने भरलेल्या जिन्यात 'बाहेर' हवे.

पुणेरी पाटीचा दाखला यात कुणीतरी देईलच. ती चुकत नाही याचे कारण भाषाप्रभुत्व नव्हे. लिहिणारा स्वतः दारामागेच बसलेला असतो आणि वाचणाऱ्याने नेमके काय करू नये हे त्याला पक्के ठाऊक असते.

आपल्याला एक सुचवायचे आहे. चुकीच्या पाट्यांचे फोटो आपण जरूर छापावेत, चिनीही आणि पुणेरीही. फक्त फोटोखाली दुरुस्त मजकूर त्याच मापाच्या अक्षरांत छापावा, आणि तो पाटीवर मावतो की नाही हे आधी मोजून पाहावे. 'ओला मजला'मध्ये पाच अक्षरे आहेत. 'फरशी ओली, जपून चाला' यात दहा होतात. ती दोन ओळींत, त्याच पिवळ्या पाटीवर बसतात.

आपले,
इंग्रजी-मराठी भाषांतराचे काम करणारे दोघे,
पुणे